अध्यक्षमहाशय आणि मुका वर्ग

आमच्या शाळांतून भाषणांची पिके ठरलेल्या तारखांना निघतात. १ ऑगस्टला लोकमान्य, १५ ऑगस्टला स्वातंत्र्य, ५ सप्टेंबरला शिक्षक, २ ऑक्टोबरला महात्माजी, ३ जानेवारीला सावित्रीबाई, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा. आणि आमच्या पनवेल तालुक्यात १७ फेब्रुवारीला, वासुदेव बळवंत फडके यांच्या पुण्यतिथीला, एक जादा पीक. बियाणे बहुधा बाहेरून आणलेले असते. कधी वडिलांनी लिहिलेले, कधी शिकवणीच्या बाईंनी, कधी ‘आदर्श भाषणे’ छापाच्या पुस्तकातले, आणि अलीकडे फोनला नुसता विषय सांगितला की त्याने चहा निवायच्या आत लिहून दिलेले. मूल ते आठ दिवस घोकते. मग व्यासपीठावर येऊन पाय जुळवते, छताकडे पाहते आणि सुरू करते, “अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी आपणांस दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत.” आकाश म्हटले की हात वर जातो, हृदय म्हटले की छातीवर येतो. मध्येच एक शब्द निसटला की गाडी रुळावरून उतरते आणि पुन्हा पहिल्या स्टेशनापासून सुटते. शेवटी “एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो” झाले की टाळ्या, प्रशस्तिपत्रक, आणि वर्तमानपत्राच्या तालुक्याच्या पानावर एक छायाचित्र. याला आपण वक्तृत्व म्हणतो.

माझे म्हणणे सरळ आहे. शाळांना मुले बोलती करायची असतील तर त्यांनी आधी वक्तृत्वस्पर्धा बंद कराव्यात. कमी कराव्यात, सुधाराव्यात, असे मी म्हणत नाही. ज्या गोष्टीने रोग वाढतो तिची मात्रा कमी करून भागत नाही.

बोलणे म्हणजे काय, इथूनच घोटाळा आहे. आपल्याला ठाऊक असलेली आणि समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचवणे, किंवा त्याला न पटलेली गोष्ट त्याला पटवून देणे, याला मी बोलणे समजतो. आता शिरढोणच्या शाळेतला मुलगा शिरढोणच्याच मुलांसमोर उभा राहून सांगतो की, वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण येथे झाला. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला ते ठाऊक नसते? सांगणाऱ्याला ते कोणाला सांगायचे असते? कोणालाच नाही. त्याला ते फक्त चुकू द्यायचे नसते. न चुकता म्हणणे ही पाढ्यांची परीक्षा झाली.

आणि गंमत अशी की ज्यांच्या नावाने हे चालते, ते वासुदेव बळवंत बोलायला शिकले ते अगदी उलट्या रीतीने. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते. आपल्या व्याख्यानाची दवंडी पिटायला त्यांच्याजवळ माणूस नव्हता, म्हणून स्वतःच थाळी वाजवीत ते रस्त्यांतून फिरत आणि संध्याकाळी सभेला या म्हणून लोकांना सांगत. ज्याला श्रोता स्वतः गोळा करावा लागतो, त्याला त्याच्या तोंडाकडे पाहून बोलावे लागते. कंटाळलेला माणूस उठून जाऊ शकतो. आमच्या शाळेतला श्रोता उठून जाऊ शकत नाही. तो रांगेत मांडी घालून बसवलेला असतो आणि हातावर छडी नसली तरी डोक्यावर सर उभे असतात. अशा बंदिवान श्रोत्यांपुढे कोणी वक्ता झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पूर्वसूरींना हे कळत होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती आजवर टिकली आहे आणि तिच्या मागच्या संस्थेचे नाव आहे वक्तृत्वोत्तेजक सभा. नाव वक्तृत्वाचे असले तरी तिने शहराला सवय लावली ती ऐकण्याची. महिनाभर रोज संध्याकाळी नव्या विषयावर नवा माणूस काय म्हणतो ते ऐकायचे, घरी जाताना त्यावर भांडायचे. वक्ते त्या ऐकण्यातून तयार झाले. आपण मात्र श्रोता वगळून वक्ता घडवायला निघालो आहोत. तळे न खणता पोहणे शिकवावे तसे.

स्पर्धेचा दुसरा दोष साध्या गणिताचा आहे. साठ मुलांच्या वर्गातून स्पर्धेला एक मूल जाते. कोणते जाते ते सांगायला नको. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याची आई शुद्ध बोलते, जे आधीच बोलके आहे, तेच. ते पाच मिनिटे बोलते आणि एकोणसाठ टाळ्या वाजवतात. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात फिरती ढाल येते आणि शाळेत वक्तृत्वाची परंपरा आहे असे वार्षिक अहवालात छापले जाते. एकोणसाठ मुलांनी वर्षभरात वर्गात किती वाक्ये उच्चारली, हे कोणी मोजलेले नसते. “हजर सर”, “नाही आलं सर”, “लघवीला जाऊ का सर”. याहून लांब वाक्य दहावीपर्यंत ज्यांच्या तोंडून निघालेच नाही अशी मुले मी दरवर्षी पाहतो. ती मुले घरी मुकी नसतात. मैदानावर नसतात. नाक्यावर तर मुळीच नसतात.

मग वर्गातच त्यांची वाचा का बसते? याचे उत्तर पनवेलच्या आसपास राहणाऱ्याला शोधायला दूर जावे लागत नाही. आमच्या आगरी-कोळी वस्त्यांत लग्न लागते ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिला मुखोद्गत असतो. बहुतेकदा तिला लिहिता-वाचता येत नाही; पण भरल्या मांडवात ती बसली की भटजीबुवाही तिची गाणी संपायची वाट पाहतात. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, कुठे नवऱ्यामुलाच्या मामाला चिमटा काढायचा, हे तिला शिकवावे लागत नाही. अशा बाईचा नातू शाळेत येतो आणि पहिल्याच दिवशी “मना पानी पायजे” म्हणतो. वर्ग हसतो. मास्तर म्हणतात, “पानी नव्हे रे, पाणी. मना नव्हे, मला.” त्या दिवशी त्या मुलाला दोन शब्दांचे शुद्ध रूप कळते आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळते, की इथे तोंड उघडण्यात शहाणपणा नाही. ही दुसरी गोष्ट तो आयुष्यभर विसरत नाही. वीटभट्टीवरून आलेल्या कातकरी मुलांची कथा तर याहून वाईट. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ती भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. आणि आल्यावर त्यांना कोणी विचारत नाही की, इतके महिने तू काय पाहिलेस ते सांग.

शुद्धतेचे कैवारी आता सरसावतील, म्हणून सांगून टाकतो. प्रमाण मराठी शिकवू नये असे मी म्हणत नाही. शिकवलीच पाहिजे, कारण अर्ज, न्यायालय आणि नोकरी तिच्यात चालते आणि गरिबाच्या मुलाला ती न देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पण तिची वेळ बोलण्याच्या मध्ये नाही. मूल एखादी गोष्ट सांगत असताना त्याचा ‘ण’ सुधारणे म्हणजे धावणाऱ्याला मध्येच थांबवून त्याच्या चपलेचा अंगठा शिवणे. आधी धावू द्या. गाडगे महाराजांनी आयुष्यभर वऱ्हाडी बोलीत कीर्तन केले. त्या कीर्तनाची सारी ताकद प्रश्नोत्तरात होती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच महाराज पुढचा प्रश्न काढीत. अडाणी माणूस आपल्याच तोंडाने आपल्या रूढीची कबुली देऊन बसे. १९५६ साली ते गेले, त्याला आज इतकी वर्षे झाली, तरी लोक त्या कीर्तनांच्या आठवणी सांगतात. आमच्या एखाद्या आंतरशालेय स्पर्धेत त्यांना उभे केले असते तर ‘उच्चार’ या सदराखाली त्यांना दहापैकी किती गुण मिळाले असते?

आता ‘मग करायचे काय?’ या प्रश्नाकडे येतो, कारण नुसते मोडायला सांगणाऱ्या मास्तराला वर्गात कोणी विचारत नाही.

पहिली गोष्ट, व्यासपीठ विसरा. भिणाऱ्या मुलाला व्यासपीठ म्हणजे फाशीचा तख्ता. त्याने आधी शेजारच्याशी बोलावे, मग बाकावरच्या चौघांशी, मग जागेवर उभे राहून वर्गाशी. आणि फळ्यापाशी यायचे ते सगळ्यात शेवटी, त्यालाच यावेसे वाटेल तेव्हा. पायऱ्या ठेवल्या की चढता येते. रोमचा क्विंटिलियन पहिल्या शतकात वक्तृत्वाचा जगप्रसिद्ध शिक्षक होऊन गेला. वक्ता कसा घडवावा यावर त्याने बारा भागांचा ग्रंथ लिहिला. लहान मुलांसाठी त्याने सांगितलेली पायरी कोणती, तर इसापच्या गोष्टी मुलांनी आपल्या साध्या शब्दांत सांगाव्यात. घोकून नव्हे, आपल्या शब्दांत. साम्राज्याचे वकील आणि सेनापती तयार करणारा माणूस कोल्हा आणि द्राक्षांपासून सुरुवात करतो. आणि आम्ही चौथीच्या मुलाला ‘राष्ट्रीय एकात्मता’ देतो.

दुसरी गोष्ट, ज्याला सांगायचे आहे त्याला ते ठाऊक नसले पाहिजे. यासाठी एक फार जुना आणि फुकटचा खेळ आहे. दोन मुले पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हाती चित्र द्या. त्यात एक घर, घराच्या डावीकडे विहीर, विहिरीवर वाकलेले झाड. दुसऱ्याच्या हाती कोरी पाटी. पहिल्याने बोलून सांगायचे, दुसऱ्याने काढायचे. वळून पाहायचे नाही. पाच मिनिटांनी पाटी आणि चित्र शेजारी ठेवले की वर्गात हशा पिकतो, कारण झाड विहिरीत पडलेले असते. पण त्या हशात कोणाची अप्रतिष्ठा नसते आणि दोघांनाही कळते की, ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘असं असं’ या शब्दांनी काम भागत नाही. डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे? पुढच्या खेपेस तेच मूल म्हणते, “घराच्या दाराकडे तोंड करून उभा राहा, मग तुझ्या डाव्या हाताला.” नेमके बोलण्याचा हा धडा कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही. एस. टी. स्थानकापासून वडाळे तळ्यापर्यंतची वाट परक्या माणसाला सांगायला लावणे, हेडमास्तरांकडे तोंडी निरोप देऊन पाठवणे आणि उत्तर तोंडीच आणायला लावणे, ही याचीच भावंडे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. मुलाला जे येते त्यावर त्याला बोलू द्या. कोळ्याच्या मुलाला चिंबोरी कशी धरायची ते विचारा. “नांग्यांच्या मागून धरायची सर, पुढून हात घातला की बोट गेलं.” मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, किमान तीन, हा नियम. नर कोणता नि मादी कोणती हे कसे ओळखायचे? पोटावरच्या झाकणावरून, नराचे निमुळते, मादीचे रुंद. चिंबोरी भरलेली कधी मिळते? जाळे फाटले तर कोण विणते? ज्या मुलाचे नाव आपण वर्षभर फक्त हजेरीत उच्चारले, ते मूल वीस मिनिटे वर्गाचा मास्तर होऊन बसते. त्याच्या बोलीतला ‘ल’ आणि ‘न’ त्या वीस मिनिटांत कोणाच्या कानाला खुपत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष चिंबोरीकडे असते. वकिलाच्या मुलाला यातले काही येत नसते. त्यालाही एकदा खाली बसून प्रश्न विचारायची पाळी येऊ द्या, त्याच्या शिक्षणात तेवढीच भर.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून एक अनुभव सांगतो. पात्राला विषय दिला की ते भाषण करते. काम दिले की ते बोलते. लेखकाला हे दहा पाने फाडल्यावर कळते. शाळांनी तर वह्यांच्या वह्या भरवल्या आहेत.

चौथी गोष्ट वादाची. आमच्याकडे वादविवादस्पर्धा म्हणून एक प्रकार असतो. त्यात अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन बाजूंची मुले आपापली पाठ केलेली भाषणे आळीपाळीने म्हणून दाखवतात. एकाने दुसऱ्याचे ऐकलेले नसते. ऐकले असते तर स्वतःचे विसरले असते. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. आपल्या स्पर्धांत जल्प शिकवला जातो आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांत वितंडा. वाद तेवढा शिकवायचा राहतो. तो शिकवायची रीतही आपल्याच शास्त्रकारांनी घालून दिली आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःलाही मांडता आले नसते इतक्या ताकदीने मांडायचे आणि मग उत्तरपक्षाकडे वळायचे. वर्गात याचा एकच नियम करावा. आधीच्या मुलाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून “असंच ना रे?” असे त्याला विचारायचे, आणि त्याने “हो” म्हटल्यावरच आपले म्हणायचे. त्याने “नाही” म्हटले तर पुन्हा प्रयत्न. विषय घरचे असावेत: शाळेच्या मैदानावर लग्नाचे मांडव घालू द्यावेत की नाही, डबा वर्गात खावा की व्हरांड्यात, गृहपाठ रविवारी असावा का. पंधरा दिवस हा नियम चालवून पाहा; निम्मी भांडणे “असंच ना रे?” याच प्रश्नापाशी मिटतात.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, असे शिक्षकमित्र विचारतील, म्हणून हिशेब देतो. सहावी ते आठवीला शिक्षण हक्क कायद्याने कामाचे दिवस २२० ठरवून दिले आहेत. रोज सहा मुलांना दोन-दोन मिनिटे दिली तर बारा मिनिटे जातात. साठांचा वर्ग दहा दिवसांत पुरा होतो आणि वर्षात प्रत्येक मुलाची पाळी बावीस वेळा येते. काही दिवस परीक्षांत नि सहलीत गेले तरी पंधरा कुठे गेले नाहीत. एका मुलाच्या पाच मिनिटांसाठी आठ दिवस तालीम घेणारी शाळा सगळ्यांसाठी रोज बारा मिनिटे काढू शकत नाही, हे मला पटायचे नाही. वर्गात गोंगाट होईल ही दुसरी तक्रार. होईल. बोलण्याच्या तासाला आवाज होणारच. पोहण्याच्या तासाला अंग भिजते म्हणून कोणी तक्रार करत नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. मोठमोठे वक्ते पाठांतरानेच घडले, असे म्हणतात. नामदार गोखल्यांचे उदाहरण हमखास पुढे येते. त्यांचे पाठांतर दांडगे होते हे खरेच आहे. पण १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी कोणाचे पाठ केलेले म्हणून दाखवले नाही. सरकारचेच आकडे घेऊन, शिल्लक दिसते तिथे प्रजा कशी पिळली जाते आहे, हे त्यांनी सरकारला दाखवले. पाठांतर त्यांनी भाषा कमावण्यासाठी केले होते. बोलताना मुद्दा त्यांचा होता. पाठांतराला माझा विरोध नाही. कविता पाठ करा, पाढे करा, अभंग करा. पण दुसऱ्याचे पाठ करून ते स्वतःचे मत म्हणून सांगायला मुलाला शिकवू नका. “मला असे वाटते की” हे शब्द ज्या वयात खरे म्हणायला शिकायचे, त्या वयात आपण ते खोटे म्हणायला शिकवतो, आणि वर बक्षीस देतो.

सरकारचे या बाबतीतले धोरण काय, हे सांगायला एकच हकिकत पुरे आहे. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही भाषेची चार कौशल्ये प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापलेली असतात. दहावीला भाषाविषयांत वीस गुण शाळेच्या हाती होते. तोंडी परीक्षा त्यातलीच. २०१८-१९ साली ते काढले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. महाराष्ट्रभर ओरड झाली आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षापासून वीस गुण परत आले. त्या ओरडीत मुले नापास झाली हे होते, अकरावीला प्रवेश मिळणार नाही हे होते, इतर मंडळांची मुले पुढे जातात हेही होते. मुलांना बोलता येते का, हा प्रश्न त्या गदारोळात मला तरी कुठे ऐकू आला नाही. तोंडी परीक्षा ही बोलण्याची परीक्षा आहे याचा पत्ताच नव्हता. ती टक्केवारीची कुबडी होती, मोडली म्हणून ओरड झाली, परत मिळाली म्हणून शांत झाले. वर्षानुवर्षे ते गुण कसे दिले जातात, हे शिक्षकांना मी सांगायला नको आणि पालकांना ऐकायला नको.

१९६५ साली अँड्र्यू विल्किन्सन नावाच्या इंग्रज अध्यापकाच्या ध्यानात आले की, लिहिता-वाचता येण्याला शब्द आहे, पण बोलता-ऐकता येण्याला नाही. त्याने तो घडवला, ‘ओरसी’. मराठीत आजही तसा रुळलेला शब्द नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला आपण मुखदुर्बळ म्हणतो, जो फार बोलतो तो वाचाळ, जो व्यासपीठावर बोलतो तो वक्ता. ज्याला कामापुरते, मुद्द्याचे, न भिता बोलता येते अशा साध्या माणसाला आपल्याकडे नावच नाही, कारण असा माणूस तयार करायचा असतो हेच कधी आपल्या मनात आले नाही.

आणि गरज आहे ती या माणसाचीच. आमच्या भागात ती कशी आहे ते पाहा. १९७० सालापासून इथल्या जमिनी नव्या शहरासाठी जाऊ लागल्या. मोबदल्याच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. दि. बा. पाटलांसारखा कायदा जाणणारा आणि बोलणारा पुढारी त्या लढ्याला होता. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पदरात पडली. पण दर गावाला दि. बा. मिळत नाहीत. नंतर विमानतळ आला, त्यासाठी दहा गावे उठली. रस्ते आले, कारखाने आले. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. मांडव पडतो, साहेब येतात, ध्वनिक्षेपक येतो. ज्याला खाडीची भरती-ओहोटी घड्याळासारखी ठाऊक आहे, बांध कुठे फुटला की कोणाच्या शेतात खारे पाणी येते हे जो डोळे मिटून सांगेल, तो शेतकरी तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे येतो. तो मागे सरकतो आणि म्हणतो, “आमचे भाऊ बोलतील.” भाऊ बोलतात. भाऊंचे दोन शब्द पाठ केलेले असतात, कधी कोणी लिहून दिलेलेही असतात. इतिवृत्तात भाऊंचे म्हणणे नोंदले जाते. खाडीबद्दलचे ज्ञान तिसऱ्या रांगेतच राहते आणि सुनावणी संपते.

तो शेतकरी आमच्याच शाळेत शिकलेला असतो. आमच्याच टाळ्या वाजवणाऱ्या एकोणसाठांपैकी एक.

२०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि भोवतालची कित्येक गावे तिच्यात गेली. त्या गावांची ग्रामसभा गेली, म्हणजे साधा माणूस उभा राहून सरपंचाला तोंडावर प्रश्न विचारू शके अशी एक जागा कमी झाली. २६ जानेवारीला नि १ मेला ग्रामसभेत गोंधळ होई, भांडणे होत, कोरम नसे. पण बोलता येत होते. आता उरली शाळा.

म्हणून यंदा एक करून पाहावे. येत्या १ ऑगस्टला कोणत्याही शाळेने टिळकांवर भाषणे ठेवू नयेत. शेंगांच्या टरफलांची गोष्ट मुलांना बालवाडीपासून ठाऊक आहे. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही, हे वाक्य मी शाळेच्या सभागृहात किती शेकडा वेळा ऐकले असेल याची गणती नाही. टिळक स्वतः शब्दांची आतषबाजी करणारे वक्ते नव्हते; रोखठोक, मोजके आणि कधी कधी रूक्षही बोलत, असे त्यांना ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या नावाने मुलांना हातवारे शिकवण्यापेक्षा त्या दिवशी वर्गात तीन खुर्च्या मांडाव्यात. एकीवर मास्तर, एकीवर बाळ, आणि तिसरीवर तो मुलगा, ज्याने शेंगा खरोखर खाल्ल्या आणि जो त्या दिवशी गप्प बसला. तिघांनीही आपापली बाजू मांडावी. पाठ केलेली नव्हे, तिथल्या तिथे सुचलेली. मास्तर का रागावले, बाळ का अडला, आणि तिसरा का बोलला नाही, हे बाकीच्यांनी त्यांना विचारावे. इतक्या वर्षांत त्या तिसऱ्या मुलाबद्दल एकाही मुलाने मला प्रश्न विचारलेला नाही.